पाकिटातला मे महिना

एरवी ह्या सदरात मला जेमतेम दीड रकाना मिळतो. त्यात लोणच्याची बरणी, वाण्याचे बिल आणि पाहुण्यांची उठाबस एवढे मावते, आणि आणखी काही सांगावे तोवर जागा संपते. दिवाळी अंकात मात्र संपादकांनी हात सैल सोडला आहे. तेव्हा वाचकहो, वर्षभर तुंबलेल्या एका पत्रव्यवहाराचे उत्तर आज ऐसपैस देते.

पत्रे बहुतेक आयांची आहेत. प्रश्न दोनच. पहिला, सुट्टीत मुलांचे करायचे काय? शिबिरांची फी ऐकली की घेरी येते, आणि घरी ठेवावे तर मूल मोबाईलमध्ये डोके खुपसून बसते. दुसरा प्रश्न जरा अवघड. एका बाईंनी अगदी स्पष्ट विचारले आहे, "तुम्ही दर आठवड्याला काटकसरीच्या गोष्टी सांगता. त्या तुमच्या मुलांना त्याची लाज नाही का वाटत? बरोबरीची मुले विमानाने फिरायला जातात आणि तुमची बसने, हे त्यांना कळत नाही का?"

कळते. चांगले कळते. मुलांना न कळणारी गोष्ट घरात एकही नसते.

पण आधी एका शब्दाचा निवाडा करू. काटकसर आणि चिकटपणा ही सख्खी भावंडे आहेत अशी पुष्कळांची समजूत असते. ती दूरच्या नात्यातलीसुद्धा नाहीत. चिकट माणूस चहात साखर कमी घालतो, ती स्वतःच्याही आणि पाहुण्याच्याही. काटकसरी माणूस स्वतः दोन चहांचा एक करतो आणि पाहुण्याला वेलदोडा घालून देतो. चिकट माणसाला पैसा खर्च झाल्याचे दुःख होते. काटकसरी माणसाला तो वाया गेल्याचे. आमच्या सासूबाई ह्याचे सार एका वाक्यात सांगतात, "नको तिथं मूठ झाकायची, ती हवी तिथं उघडता यावी म्हणून."

आता मूळ गोष्टीकडे येते. ही २०२३ सालच्या उन्हाळ्याची हकिगत आहे. दोन वर्षे ती मी लिहिली नाही, कारण ती एकट्या माझी नव्हती. आता 'ह्यां'ची परवानगी मिळाली आहे.

त्या वर्षी मार्च अखेरीस ह्यांच्या कारखान्याने माणसे कमी केली, त्यांत ह्यांचेही नाव होते. सतरा वर्षे यंत्रांची ड्रॉइंगे काढणारा माणूस एका संध्याकाळी डबा, छत्री आणि टेबलावरचा मुलांचा फोटो घेऊन घरी आला. आमचे घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, हप्त्यांवर घेतलेले. थोरली तेव्हा नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. हाताशी सहा-सात महिने जपून निघतील एवढी शिल्लक होती, आणि जपणे आम्हांला नवे नव्हते. पण सवय म्हणून जपणे वेगळे आणि गरज म्हणून जपणे वेगळे. भाजी तीच, आमटी तीच. पहिल्या प्रकारात ती रुचकर लागते, दुसऱ्या प्रकारात घास जरा फिरतो.

पहिला वाद झाला तो मुलांना सांगायचे की नाही ह्यावर. ह्यांचे म्हणणे, "अगं, कशाला? लहान आहेत. सुट्टी आहे म्हणून घरी आहे असं सांगू." सासूबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "सांग. नाही सांगितलंस तर ती भिंतीला कान लावून ऐकतील, आणि भिंतीतून अर्धंच ऐकू येतं."

मग एका रात्री जेवणानंतर ह्यांनी सांगितले. धाकट्याला त्यातले एवढेच समजले की उद्यापासून बाबा घरी, आणि त्याने टाळ्या वाजवल्या. थोरली गप्प बसली. थोड्या वेळाने तिने विचारले, "म्हणजे आपण गरीब झालो का?"

वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिले, मी ताटाकडे. उत्तर दिले सासूबाईंनी. त्या पेठेत वाढलेल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या.

"पुराच्या आदल्या रात्री आम्ही गरीब नव्हतो," त्या म्हणाल्या, "आणि दुसऱ्या दिवशी आमचं स्वयंपाकघरच नव्हतं. पाणी ओसरल्यावर माझी आई चिखलात हात घालघालून भांडी शोधायला लागली. आम्हां पोरांना वाटलं, खेळच आहे. भांडं सापडलं की ओरडायचं. गरीब झालो की काय, ते बघायला उसंत कुणाला होती?"

"किती सापडली?" थोरलीने विचारले.

"सतरा. आणि एक शेजाऱ्यांचं. ते परत केलं."

थोरलीचा चेहरा जरा मोकळा झाला. मला वाटते, त्या वर्षीच्या आमच्या उन्हाळ्याची तऱ्हा त्या अठरा भांड्यांनी ठरवली.

मग आम्ही एक पाकीट केले. लग्नपत्रिकेचे जुने पाकीट, वर गणपती छापलेला. त्यात दोन हजार रुपये घातले आणि थोरलीच्या हाती दिले. सांगितले की मे महिन्यातल्या सगळ्या मौजेचे पैसे हे. खजिनदार तू. घरखर्च वेगळा, तो आमचा. पण फिरणे, खाऊ, खेळाचे सामान जे काही असेल ते ह्या पाकिटातून, आणि दर पैशाची नोंद वहीत. पाकीट संपले की महिना संपला.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा मुलीवर हे ओझे कशाला? पण अनुभव उलटाच आला. पैसे नाहीत असे मुलांना नुसते सांगितले की ती घाबरतात. किती आहेत ते सांगितले की ती हिशेब करू लागतात. पहिल्याच दिवशी धाकट्याने आईस्क्रीम मागितले, तेव्हा बाईसाहेबांनी वही उघडून त्याला सांगितले, "आज घेतलंस तर सिंहगडावर दही नाही." तो विचारात पडला. एवढ्याशा पोराला विचारात पडलेले पाहणे हीसुद्धा एक करमणूक आहे.

आता फिरण्याचे सांगते. पुण्यात राहणाऱ्याला फुकट किंवा जवळजवळ फुकट पाहण्यासारखे इतके आहे की पाहुणे येईपर्यंत आपण ते पाहतच नाही.

पहिली सहल झाली डेक्कन क्वीनची. तिच्यात बसायची नव्हे, तिला पाहायची. सकाळी सव्वासातला ती पुण्याहून मुंबईला निघते. फलाटाचे तिकीट दहा रुपये. पहाटेची बस धरून आम्ही चौघे स्टेशनात पोचलो. ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली, आणि बसून खाण्याचा स्वतंत्र डबा तिला आजही आहे. मुलांनी त्या डब्याच्या काचेला नाक लावून आतली टेबले पाहिली, आतल्या एका आजोबांनी टोस्ट उंचावून त्यांना सलाम केला. गाडी हलली. सतरा वर्षे सात वाजता घाईत डबा भरून घेणारे आमचे हे, हात मागे बांधून, कुठेही जायची घाई नसलेल्या माणसासारखे उभे होते. ते दृश्य मला सोसले नसते, पण धाकट्याने नेमका तेव्हाच प्रश्न टाकला, "बाबा, इंजिनाला मागे बघायचं असेल तर?" आणि ह्यांना उत्तर द्यावे लागले. मग एक फलाट संपेपर्यंत नुसती इंजिनेच चालली.

दुसरी सहल, भर दुपारची, पाताळेश्वराची. उन्हाळ्यात दुपारी मुलांना कुठे न्यावे हा प्रश्न पडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जंगली महाराज रस्त्यावर, रहदारीपासून वीस पावलांवर, आठव्या शतकाच्या सुमाराचे हे लेणे आहे. पायऱ्या उतरून आत गेले की काळ्या पाषाणाचा गारवा अंगाला लागतो. समोर नंदीचा गोल मंडप, छत्रीसारखा. ह्यांनी मुलांना सांगितले की हे बांधलेले नाही, अखंड खडक वरून खाली कोरत नेला आणि नको तो दगड काढून टाकला. धाकट्याने चहूकडे पाहिले आणि विचारले, "मग काढलेला दगड कुठे ठेवला?" ह्यांना उत्तर आले नाही. मलाही नाही. पुण्यात इतकी वर्षे काढून हा प्रश्न आम्हांला कधी पडलेला नव्हता. वहीत नोंद झाली : पाताळेश्वर, खर्च बसचा. दगड कुठे गेला ते विचारायचे आहे.

पर्वतीला गेलो ते पायऱ्या मोजायला. त्या १०३ आहेत असे सगळे सांगतात. थोरलीच्या मोजणीत १०३ भरल्या, धाकट्याच्या ९६, कारण मध्ये तो एका मांजरीशी बोलत होता. पुन्हा मोजायच्या म्हणून तो खाली गेला आणि वर आला. संध्याकाळी सातलाच गाढ झोपला. आयांनो, ह्या शेवटच्या वाक्याचे मोल मी तुम्हांला सांगायला नको.

आता घरच्या उद्योगांबद्दल. आमच्या गच्चीवर एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, गाळून चीक काढायचा, शिजवायचा आणि सोऱ्याने कुरडया घालायच्या. ह्यात मुलांना हक्काची कामे तीन. पहिले, गरम चीक दूध-साखर घालून खाणे. दुसरे, उडदाच्या पापडाच्या लाट्या तेलात बुडवून मटकावणे. आणि तिसरे, कावळ्यांवर पहारा. जुन्या छत्रीचे काळे कापड काठीला बांधून धाकटा राखण करी. त्या वर्षी वाळवण जास्त घातले, शेजारच्या दोघींनी पीठ देऊन आमच्याकडूनच करून घेतले आणि मजुरी दिली. ती मी घेतली. पूर्वी घेतली नसती, 'असू द्या हो वहिनी' म्हटले असते. थोरलीने ते पाहिले, आणि संध्याकाळी म्हणाली, "आई, तू पण खजिनदार झालीस."

पण घरच्या उद्योगांतले खरे कारागीर ठरले हे. ह्या माणसाचा हात किती कसबी आहे ते सतरा वर्षांत कारखान्याला ठाऊक होते, घराला नव्हते. रविवारी एक फ्यूज बदलला की त्यांचा घरातला वाटा संपे. आता दिवस मोकळा, आणि घरात रिकाम्या खोक्यांना तोटा नाही.

त्यांनी पहिल्यांदा काढली काड्यापेटी आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब. ह्या युक्तीचे जनक अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीतून शिकून पुण्यात मोटारींच्या कारखान्यात लागलेले हे इंजिनिअर १९७८ साली रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांत विज्ञान शिकवण्याच्या उपक्रमात गेले, आणि खेड्यातल्या आठवडी बाजारात मिळेल त्या वस्तूंतून खेळणी करू लागले. काड्यांच्या खेळांवरचे त्यांचे पुस्तक १९८६ साली आले. पुढे पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षे मुलांसाठी काम केले; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपली पुस्तके त्यांनी कुणालाही फुकट वाचता येतील अशी खुली ठेवली आहेत. काटकसरी घराचे ते कुलगुरूच म्हणायचे.

कृती सोपी आहे. काड्यांची गुले खरवडून टाकायची. व्हॉल्व्हट्यूबचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि काड्यांची टोके त्यांत खोचायची. सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, दाबा. लगेच तिरका होऊन पडतो. त्यात एक कर्ण घाला, पुन्हा ताठ उभा. "म्हणून रेल्वेच्या पुलावर सगळे त्रिकोण असतात," हे म्हणाले, आणि मुलांनी पूल बांधायला घेतला. दोन स्टुलांमध्ये टाकलेल्या त्या पुलावर शेवटी आमचा खलबत्त्यातला बत्ता ठेवून पाहिला. पूल वाकला, पण टिकला. सासूबाई म्हणाल्या, "चौकोनी माणसांना आधाराला एक तिरकी काडी लागते हो." हे कुणाला उद्देशून होते ते मी विचारले नाही.

मग झाला सूचिछिद्राचा कॅमेरा. बुटांचे खोके. एका बाजूला चौकोन कापून तिथे चांदीचा कागद लावायचा आणि त्याला टाचणीने एकच बारीक भोक पाडायचे. समोरच्या बाजूला खिडकी कापून तिथे ट्रेसिंगचा कागद ताणून बसवायचा. डोक्यावर आणि खोक्याच्या मागच्या बाजूवर काळे कापड घ्यायचे आणि भोक उजेडाकडे करायचे. प्रकाश सरळ रेषेत जातो, वरचा किरण भोकातून खाली उतरतो, खालचा वर चढतो, आणि कागदावर जग उलटे दिसते. धाकट्याने पहिल्यांदा पाहिली ती उन्हात पापड उलटणारी आजी, डोके खाली आणि पाय वर. तो इतका हसला की खाली दुसऱ्या मजल्यावरचे काका वर आले. मग त्यांनीही पाहिले. त्या दिवशी इमारतीतल्या अकरा माणसांनी आमच्या सासूबाईंना उलट्या पाहिले, आणि त्यांनी सगळ्यांना ताक दिले.

इथे त्या दुसऱ्या प्रश्नाकडे यायला हवे, लाजेच्या. थोरलीची वर्गमैत्रीण आमच्याच इमारतीत राहते. ती मंडळी त्या सुट्टीत दुबईला गेली होती. परत आल्यावर मैत्रिणीने उंच इमारतींचे फोटो दाखवले, वाळवंटातल्या गाडीचे दाखवले. थोरली घरी आली ती तोंड एवढेसे करून. जेवली नाही. रात्री मला म्हणाली, "तिनं विचारलं, तुम्ही कुठे गेलात. मी सांगितलं, फलाटावर."

मी तिची समजूत घातली नाही. दुबई चांगली नाही, आपलेच बरे, असले काही बोलले नाही; कारण ते खरे नाही आणि मुलांना ते कळते. फक्त म्हटले, "परवा रविवारी तिला बारा वाजता गच्चीवर बोलाव. आणि येताना एक स्टीलचा पेला आणायला सांग."

तो रविवार १४ मेचा होता. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी, सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली शिरते. मुंबईकरांना हीच गंमत एक-दोन दिवस उशिरा, १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास दिसते. आपण समजतो, सूर्य रोजच बाराला डोक्यावर असतो. तसे नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त ह्यांच्या मधल्या प्रदेशातच तो डोक्यावर येतो, आणि तोही वर्षातून दोनदाच. आपला दुसरा दिवस जुलैच्या शेवटी असतो; तेव्हा बहुधा ढग असतात.

सव्वाबारा वाजेपर्यंत गच्चीवर चौदा मुले जमली. पेले, बाटल्या, क्रिकेटची स्टंप, एक लाटणे. ह्यांनी पाणसळीने फरशी सपाट कुठे आहे ते पाहून खडूने गोल काढले. सावल्या आखडत चालल्या. बारा एकोणतीस, बारा तीस. बारा एकतीसला सगळ्या पेल्यांच्या सावल्या गेल्या. नुसते पेले उरले, चित्रात काढल्यासारखे. धाकटा एका पायावर उभा राहून स्वतःची सावली शोधत होता, ती त्याच्या पायाखालीच कुठेतरी होती. मुले ओरडली. पाण्याच्या टाकीवरचे पारवे उडाले.

मैत्रिणीने विचारले, "काका, दुबईला पण असं होतं का?" ह्यांनी पृथ्वीचा गोल म्हणून आणलेल्या चेंडूवर बोट ठेवले. दुबई कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. तिथे असे कधीच होत नाही. दिल्लीलाही नाही.

थोरलीने माझ्याकडे पाहिले. तो चेहरा विजयाचा होता. मी डोळ्यांनीच दटावले. मैत्रिणीला घरी नेऊन पन्हे दिले आणि तिच्याकडून दुबईची सगळी हकिगत नीट ऐकून घेतली. थोरलीनेही ह्या खेपेला मन लावून ऐकली, प्रश्न विचारले. देण्यासारखे आपल्याजवळ काही असले की दुसऱ्याचे घ्यायला जड जात नाही, मोठ्यांनासुद्धा.

महिन्याची मोठी सहल सिंहगडची. पहाटेची पायथ्याची बस, उन्हे चढायच्या आत चढण. पुणे दरवाजा एक नव्हे, एकामागोमाग तीन आहेत, हे थोरलीने वहीत नकाशा काढून टिपले. देवटाक्याचे पाणी प्यायलो, तानाजीच्या समाधीशी बसलो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची ती लढाई ह्यांनी तिथे बसून सांगितली, ती ऐकायला शेजारची दोन अनोळखी कुटुंबेही सरकून आली. मग पिठले-भाकरी, ताक, आणि मडक्यातले दही, ज्याच्यासाठी महिनाभर आईस्क्रीम टळले होते. दहीवाल्या मावशींनी काठ उडालेली दोन मडकी मुलांना तशीच देऊन टाकली.

महिनाअखेर थोरलीने हिशेब मांडला, तो तिच्या वहीतून जसाच्या तसा देते. बस ६४०. फलाट ४०. सिंहगड ५४०. काड्यापेट्या आणि ट्यूब ६०. बर्फाचे गोळे, दोनदा, १६०. कागद, खळ, सुतळी ११०. एकूण १५५०. शिल्लक ४५०.

ह्या शिल्लकेवर घरात सभा भरली. धाकट्याला फुगे फुगवायचा पंप हवा होता. थोरली म्हणाली, "आजी कुठेच आली नाही." आणि ते खरे होते. सासूबाईंचे गुडघे पर्वती नको म्हणतात आणि बसची पायरीही नको म्हणतात. महिनाभर त्यांनी डबे भरले, गोष्टी ऐकल्या आणि उलट्या दिसल्या. तेव्हा मेच्या शेवटच्या रविवारी रिक्षा झाली, घरापासून थेट सारसबागेपर्यंत आणि परत. रिक्षात सासूबाई, मी आणि मुले. हे सायकलने मागून. तळ्यातल्या गणपतीचे दर्शन झाले. मग सासूबाई शेजारच्या पेशवे पार्ककडे पाहत बसल्या. फुलराणी ही मुलांची छोटी गाडी तिथे १९५६ साली सुरू झाली, त्यानंतर दोनच वर्षांनी पाच वर्षांच्या असताना त्या तीत बसल्या होत्या, वडिलांच्या मांडीवर. त्या वेळी तिथे प्राणी होते. ते १९९९ साली कात्रजला गेले. "वाघाचा आवाज रात्री पेठेत ऐकू यायचा," त्या म्हणाल्या. धाकटा त्यांना अगदी चिकटून बसला. रिक्षाचे २६०, भेळेचे १६०. शिल्लक ३०. ती पाकिटातच राहिली.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर, एकूण बेरजेच्या खाली, आणखी एक ओळ होती. ती मला जूनमध्ये शाळेची पुस्तके घालताना दिसली. "बाबा, पूर्ण महिना : फुकट." मी ती वही ह्यांना दाखवली. त्यांनी वाचली, मिटली आणि बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. त्या काळात त्यांनी तेवीस ठिकाणी अर्ज केले होते. 'वय जास्त आहे' असे तीन ठिकाणांहून ऐकले होते. स्वतःची किंमत शून्य झाली असे ज्याला वाटत होते त्याला फुकट हा शब्द कसा लागला असेल, आणि तो कुठल्या अर्थाने लिहिला होता हे पाहून काय वाटले असेल, ते मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चोविसावा अर्ज टाकला.

ऑगस्टमध्ये त्यांना काम मिळाले. पगार आधीपेक्षा कमी, कारखाना आधीपेक्षा दूर. आम्ही घरात शिरा केला. धाकट्याने दोन घास खाल्ले आणि गंभीरपणे विचारले, "आता बाबांना परत कामावरून केव्हा काढणार?" आम्ही हसलो खरे, पण हे हसताना थांबले. त्या दिवसापासून रविवारची सकाळ पोरांची, हा आमच्या घरचा कायदा झाला आहे. तो आजतागायत मोडलेला नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे ह्यात आली असे समजते. आता थोडे दिवाळीचे, कारण अंक दिवाळीचा आहे आणि तुमच्याही दारात पोरे चिखल कालवत असतील. किल्ला विकत आणू नका. तयार साच्याचे किल्ले बाजारात मिळतात. त्यांत सगळे असते, फक्त मूल नसते. जुन्या विटा, दगड, कुंडीचे फुटके तुकडे ह्यांचा डोंगर रचा. तांदळाचे रिकामे पोते उसवून पातळ चिखलात बुडवा आणि वरून पांघरा, दऱ्या आणि कडे आपोआप पडतात. वर चाळलेली माती लिंपा. दिवाळीच्या आधी पाच-सहा दिवस हळीव आणि मोहरी पेरून हाताने पाणी शिंपडत राहा, ओतू नका. हळीव तीन-चार दिवसांत वर येते. वाट कोरायला चमचा पुरतो. मावळे मुलांनीच वळावेत. ते बुटके होतात, पण लढायला कमी नसतात.

त्या वर्षी आमच्या गॅलरीत सिंहगड झाला, थोरलीच्या नकाशाबरहुकूम, तीन दरवाजांसकट. काठ उडालेली दोन मडकी उपडी घालून बुरूज केले. काड्यांचा पूल दरीवर बसला. हळीव-मोहरीचे पैसे गणपतीच्या पाकिटातून निघाले, तीसच्या तीस.

यंदाही तोच किल्ला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या यादीत सिंहगड नाही, ह्याचा आमच्या खजिनदारांना राग आला आहे. त्या आता अकरा वर्षांच्या आहेत. त्यांनी किल्ल्यासमोर पुठ्ठ्याची पाटी लावली आहे, "हा तेरावा." धाकट्याला मात्र अजून तोच प्रश्न पडतो, पाताळेश्वरातला दगड गेला कुठे. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर ह्या सदराच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. पोस्टकार्ड चालेल.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. फराळाचे डबे उघडताना आवाज करू नका. आमच्या घरी राखणदार जागा असतो.